अंडं नेमकं कुणाचं? मिसळ कळपातली देणारी कोंबडी ओळखायची कशी

गेल्या आषाढात आमच्या घरात एक तांबडी कोंबडी कापली आणि त्यावरनं दोघी जावांत आठ दिवस अबोला झाला. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार, पाहुणे आलेले, बाहेर पाऊस असा की थांबायचं नावच नाही, आणि त्या आठवड्यात रोजच्या सात अंड्यांची चार झालेली. मग चर्चा सुरू झाली की कोण फुकट खातंय. सासूबाई म्हणाल्या ती तांबडी बघा, पाय पांढरे पडलेत, पिसं झडलीत, मान उघडी दिसायला लागलीय, ती काय अंडं देणार. मीही मान डोलावली. तांबडी जावेची होती, हे सांगायला पाहिजे.

साफ करताना पोटातनं एक टणक कवचाचं तयार अंडं निघालं आणि त्याच्या मागं बलकांची माळ, एक सुपारीएवढा, मग बोराएवढा, मग वाटाण्याएवढे आणि शेवटी मोहरीएवढे कितीतरी. जाऊ हातातली सुरी खाली ठेवून नुसती बघत बसली आणि म्हणाली, "अक्का, ही उद्या सकाळी घालणार होती. मी म्हणत होतो की न्हाई?" (आमच्याकडं बायका असंच बोलतात, हसू नका.) त्या दिवशीचा रस्सा कुणालाच गोड लागला नाही.

त्यानंतर मी हट्टाला पेटले की आता अंदाजानं काही करायचं नाही, कुठलं अंडं कुणाचं ते पुराव्यानिशी काढायचं. दीड-दोन महिने गेले, चुका पण भरपूर केल्या, त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहितेय. आमच्या अकरा कोंबड्या होत्या, त्या रविवारनंतर दहा, आणि कळप म्हणजे खरोखरची मिसळ: एक आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड, तांबड्या पिसांची जात) उरलेली, तीन गिरिराज (ही सुधारित जात), एक कडकनाथ, पोल्ट्रीतनं आणलेली एक पांढरी लेअर (खास अंड्यांसाठी पाळतात ती) आणि चार गावरान. निम्म्या माझ्या, निम्म्या जावेच्या, खुराडं एकच आणि अंडी घालायच्या बुट्ट्या पण त्याच तीन. तुमच्याकडं सगळ्या एकाच जातीच्या असतील तर दुसरी पायरी सोडून द्या, बाकी सगळं तसंच.

आणि एक आधीच सांगते. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले २० तास तर नुसतं कवच चढायलाच. म्हणजे एक कोंबडी दिवसाला एकापेक्षा जास्त अंडी देत नाही असंच धरून चाला (क्वचित कधी दोन येतात, पण दुसरं बहुतेक पातळ कवचाचं, लिबलिबीत असतंय). म्हणून आज बुट्टीत पाच अंडी दिसली तर पाच कोंबड्यांनी घातली, हा हिशोब पक्का. प्रश्न एवढाच की कुठल्या पाच.

काय काय लागेल

फार काही नाही. पायात घालायच्या रंगीत रिंगा किंवा केबल टाय. शिसपेन्सिल, अंड्यावर लिहायला. एक वही. बॅटरी, आणि ती मोबाईलची नको कारण दोन्ही हात मोकळे लागतात, डोक्याला बांधायची मिळाली तर उत्तम. केकमध्ये घालतात तो खायचा जेल रंग, हिरवा आणि निळा, केकचं साहित्य मिळतं त्या दुकानात छोटी बाटली मिळते. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. घरातला छोटा वजनकाटा असला तर बरं. आणि डालगं, म्हणजे कोंबडी झाकून ठेवायची मोठी टोपली, ते तर गावात कुणाकडंही असतंय.

१. आधी प्रत्येकीला खूण करा

तुम्ही म्हणाल आम्हाला आमच्या कोंबड्या ओळखू येतात. येतात, दिवसा, आणि तुम्हालाच. घरातल्या पोराला सांगा की बुट्टीत आत्ता कोण बसलीय बघून ये, तो येऊन सांगणार "तांबूस कुठलीतरी". आमच्या तीन गिरिराज तर पाठमोऱ्या एकसारख्याच दिसतात. म्हणून पायात रंगीत टाय बांधा, आणि वहीच्या पहिल्या पानावर कुठला रंग कुणाचा ते लिहून टाका.

इथं एक सापळा आहे. टाय घट्ट बांधू नका, पाय आणि टायच्या मधनं काडेपेटीतली काडी सहज फिरली पाहिजे, आणि वरचं टोक कापून टाका नाहीतर त्याला गवत अडकतंय. तलंग असेल, म्हणजे अजून अंड्यावर यायची असेल, तर तिचा पाय जाड होत जातो, त्यामुळं दर पंधरा दिवसांनी सैल आहे का बघायचंच. आमच्या एका तलंगेच्या पायात टाय रुतला होता, ती लंगडायला लागल्यावर लक्षात आलं.

२. कवचाच्या रंगावरनं गट पाडा

कवचाचा रंग जातीवर असतो, खाण्यावर नाही. मका आणि हिरवा पाला घातला तर बलक पिवळाजर्द होईल पण कवच आहे तसंच राहणार. पोल्ट्रीतली पांढरी लेअर पांढरंच देणार, आरआयआर, गिरिराज, वनराजा या तपकिरी देतात, कुणाचं गडद कुणाचं फिकट, आणि आपल्या गावरान बहुतेक मलईच्या रंगाचं किंवा फिक्कट बदामी. कडकनाथचं अंडं काळं असतं असं अजूनही लोक सांगतात. नसतं हो. मांस काळं, हाडं काळी, अंडं मात्र फिक्कट मलई रंगाचं, थोडी गुलाबी झाक असलेलं. कडकनाथची लाट आपल्याकडं आली होती तेव्हा जावेनं हौसेनं एक आणली आणि पहिलं अंडं बघून तिला वाटलं फसवलं आपल्याला.

कानाच्या पाळीवरनं पण अंदाज येतो. पाळी पांढरी तर अंडं पांढरं, पाळी लाल तर तपकिरी. पण हा नुसता अंदाज, गावरानीत एवढ्या पिढ्यांची सरमिसळ झालेली असते की पाळी बघून पैज लावू नका.

आमचे तीन गट पडले. पांढरं: एकच कोंबडी, तिचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला, अंडं पांढरं दिसलं की तिचंच. मलई रंग: चार गावरान आणि कडकनाथ. तपकिरी: आरआयआर आणि तीन गिरिराज. म्हणजे दहांमध्ये शोधायचं काम उरलं ते पाच आणि चारात. एवढ्यानंच निम्मं डोकं हलकं होतं.

आता यातला सापळा. तपकिरी रंग हा अंडं बाहेर यायच्या आधीच्या शेवटच्या काही तासांत वरनं चढतो, म्हणून तपकिरी अंडं फोडलं की आतनं कवच पांढरंच असतंय. त्यामुळं कोंबडी घाबरलेली असेल, उन्हाचा ताप असेल, आजारातनं उठली असेल किंवा बरेच महिने सलग देत असेल तर रंग फिका पडतो. एखादं फिकं अंडं दिसलं की लगेच ते गावरानीच्या खात्यात टाकू नका. उलटं मात्र होत नाही, पांढरं देणारी उद्या तपकिरी देणार नाही.

३. रात्री एकेकीला हातात घेऊन बघा

या पायरीत कोण देतच नाही ते कळतं, आणि हीच पायरी आम्ही त्या रविवारी केली असती तर तांबडी वाचली असती. दिवसा धरायला गेलात तर सगळ्या घरभर पळवतील. अंधारात कोंबडीला धड दिसत नाही, ती गप्प बसते, म्हणून जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन जा. कोंबडी काखेत घ्यायची, डोकं मागच्या बाजूला आणि शेपटी तुमच्या समोर.

शेपटीखाली जिथनं अंडं येतं ती जागा बघा. देणारीची मोठी, आडवी पसरलेली, ओलसर आणि फिकट असते. न देणारीची बारीक, गोल, कोरडी, दोरी ओढून बंद केलेल्या पिशवीच्या तोंडासारखी आवळलेली. एकदा दोन्ही शेजारी बघितल्या की परत कुणाला विचारावं लागत नाही.

मग त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्या मधे दोन-तीन बोटं बसली तर ती देतेय, एकच बोट जेमतेम बसलं तर नाही. तसंच ती हाडं आणि छातीच्या हाडाचं टोक यांच्यात देणारीच्या तीन-चार बोटं जागा असते आणि पोट हाताला मऊ लागतं. पोट गच्च आणि कडक लागलं तर चरबी चढलीय असं समजा. बोटं प्रत्येकाची वेगळी असतात म्हणून एकाच माणसानं सगळ्या बघाव्यात. आमच्यात मी बघितलेल्या आणि नवऱ्यानं बघितलेल्या यांचा मेळच बसेना, त्यांची बोटं म्हणजे केळी.

आता पायाचा रंग. पिवळ्या कातडीच्या जातीत कोंबडी अंडी द्यायला लागली की अंगातला पिवळा रंग बलकाकडं जातो आणि एका क्रमानं उतरत जातो, आधी अंड्याची जागा, मग डोळ्याभोवतीची कड, कानाची पाळी, मग चोच, आणि सगळ्यात शेवटी पाय. पाय पांढरे पडायला चार-पाच महिने सलग अंडी द्यावी लागतात. म्हणजे आमच्या तांबडीचे पांढरे पाय हे तिनं काम केल्याचं सर्टिफिकेट होतं आणि आम्ही त्यालाच आजार समजलो. आणि त्याच वेळी माझी गिरिराज, जिला आम्ही कौतुकानं पाटलीण म्हणतो, हळद लावल्यासारखे पिवळेधमक पाय, तुकतुकीत पिसं, चालणं असं की गावची सरपंच. रात्री हातात घेऊन बघितली तर हाडांत एक बोट पण धड बसेना. मी तेव्हा कुणाला काहीच बोलले नाही.

कडकनाथला ही पायाची परीक्षा लागू होत नाही, ती सगळीच काळी. तिला हाडांवरनंच बघा. आणि देणारीचा तुरा पण लाल, भरलेला, हाताला गरम लागतो, पण नुसत्या तुऱ्यावर जाऊ नका.

४. सकाळी सोडायच्या आधी चाचपा

ही सासूबाईंची पद्धत, त्यांच्या आईपासनं आलेली, आणि माझ्या मते सगळ्यात भारी. वर सांगितलं तसं अंड्यावर रात्रभर कवच चढत असतं, त्यामुळं आज जी घालणार तिच्या पोटात सकाळी टणक अंडं असतंच. खुराड्याचं दार थोडंसं उघडायचं, एकेक कोंबडी बाहेर घ्यायची आणि शेपटीखाली, त्या दोन हाडांच्या खालच्या मऊ भागावर तीन बोटं हलकी दाबायची. अंडं असेल तर आत लिंबाएवढं काहीतरी घट्ट आणि गोल सरकल्यासारखं लागतं. नसेल तर नुसतं मऊ.

पूर्वी बायका बोट आत घालून बघायच्या, अजूनही बघतात. ते करू नका. अंडं आत फुटलं तर कोंबडी जाते, आणि बोटाला काय लागलेलं असतंय ते सगळं आत. बाहेरनं चाचपून चार-पाच दिवसांत हात बसतो. पहिल्या दिवशी मी सात जणींना अंडं आहे म्हणून सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत आली पाच, सासूबाई दारात बसून हसत होत्या. त्यांचं अजून एक पण चुकत नाही.

चाचपून झालं की "आहे" वाल्यांची नावं वहीत लिहा आणि मग सोडा. दुपारी अंडी मोजून जुळवा. जी घालणार म्हणून लिहिली आणि जिचं अंडं बुट्टीत आलंच नाही, तिची गोष्ट नवव्या पायरीत.

५. अंड्याचं रूप ओळखायला शिका

प्रत्येक कोंबडीच्या अंड्याची ठेवण बऱ्यापैकी तीच राहते. एकीचं कायम लांबट आणि टोकदार, एकीचं गोल गरगरीत, एकीच्या कवचावर रुंद टोकाला गडद ठिपके, एकीच्या कवचावर हाताला लागेल अशी बारीक रेघ. आमच्या बोडकीचं (मानेवर पिसं नसलेली गावरान) अंडं एका बाजूला किंचित चपटं असतं, टेबलावर ठेवलं की गडगडत नाही, तिथंच डुलत राहतं. ते एकदा लक्षात आल्यापासनं बोडकीसाठी दुसरा पुरावाच लागला नाही.

म्हणून अंडी गोळा केल्या केल्या शिसपेन्सिलीनं रुंद टोकाला तारीख आणि नंबर टाका आणि आठवडाभराची अंडी एका ट्रेमध्ये रंगाप्रमाणं ओळीनं लावून बघा. दिवसाच्या उजेडात. सारखी दिसणारी आपोआप जोडीला येतात. वजनकाटा असेल तर वजन लिहा, दोन-तीन ग्रॅमच्या फरकानं तीच तीच वजनं परत येताना दिसतील. अंडी लगेच धुऊ नका, ओल्या कवचावर पेन्सिल उठत नाही आणि वरचा नैसर्गिक थर निघून गेला की अंडं टिकत पण नाही.

तलंगेला हा नियम लावू नका, तिची पहिली अंडी बारकी, कधी वेडीवाकडी, कधी त्याच्यावर रक्ताची रेघ, महिनाभरात ठेवण बसते.

६. तरी उरल्या त्यांना रंग लावा

आता आमच्याकडं तपकिरी गटातल्या दोन गिरिराज आणि आरआयआर उरल्या, तिघींची अंडी जवळजवळ सारखी. इथं रंगाची युक्ती. रात्री कापसाच्या काडीवर जेल रंगाचा एक थेंब घ्यायचा आणि अंड्याच्या जागेच्या आतल्या ओलसर कडेला हलका फिरवायचा, बाहेरच्या पिसांना नाही. दुसऱ्या दिवशी अंडं बाहेर येताना त्याच्यावर रंगाची रेघ किंवा डाग उठतो. एकीला हिरवा, एकीला निळा, तिसरीला काहीच नको, एका रात्रीत दोनच रंग. रंग एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग तीन रात्री लावा म्हणजे मधे खाडा पडला तरी निकाल लागतो. रंग खायचाच असल्यामुळं अंडं खायला काही हरकत नाही.

आता माझ्या चुका ऐका. पहिल्यांदा मी जेल आणायचा आळस केला आणि घरात जोतिबाचा गुलाल होता तो लावला. सकाळी बघते तर तिन्ही बुट्ट्या गुलाबी, सगळी अंडी गुलाबी, पांढऱ्या लेअरचं बूड गुलाबी, कोंबडा पण कुठनं तरी गुलाबी झालेला. चैत्रातली यात्रा आमच्या खुराड्यातनं गेल्यासारखी. गंमत सोडा, गुलालात काय मिसळलेलं असतंय सांगता येत नाही, नाजूक जागेला लावायची ती वस्तूच नव्हे. नेलपॉलिश, ऑइल पेंट, मार्कर पण नको.

दुसरी चूक, लाल रंग. लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्यांना रक्त वाटतं आणि त्या तिथंच टोचायला लागतात, एकदा खरं रक्त आलं की मग आवरत नाहीत. हिरवा-निळाच बरा. पिवळा तपकिरी अंड्यावर दिसतच नाही, पैसे वाया.

आणि रेघ एवढी बारीक असू शकते की बॅटरी मारून अंडं फिरवून बघावं लागतं. शेजारच्या अंड्याला घासून डाग लागतो तो वेगळा, तो पसरट असतो. म्हणून त्या तीन दिवसांत अंडी तास-दीड तासाला गोळा करा.

७. शेवटचा पुरावा डालग्याखालचा

भांडण असेल, दोन घरांचा किंवा दोन जावांचा हिशोब असेल, तर रंगावर पण कुणी म्हणू शकतं की तूच लावलास. मग संशयित कोंबडी सकाळी डालग्याखाली किंवा वेगळ्या खोक्यात ठेवायची, खाली उसाचं पाचट किंवा भाताचं तूस, आत पाणी आणि खाणं. अंडं आलं तर तिचं, दुसरं कुणी तिथं नव्हतंच.

पण एका दिवसावर निकाल देऊ नका. जागा बदलली की कोंबडी बिथरते आणि अंडं पुढं ढकलते, कमीत कमी तीन दिवस बघा. उन्हाळ्यात डालगं सावलीतच ठेवा.

सरकारी फार्मवर आणि संशोधनाच्या ठिकाणी यासाठी ट्रॅप नेस्ट वापरतात, म्हणजे कोंबडी आत शिरली की मागं दार पडतं आणि ती बाहेर काढेपर्यंत आतच राहते, अंडं आणि तिचा नंबर एकाच वेळी हातात. घरी लाकडी खोक्याला वरनं सुटणारी फळी लावून करता येतं, आमच्या दिरानं केलं होतं. फक्त दर अर्ध्या तासाला उघडून बघायला घरात कुणीतरी पाहिजे, नाहीतर आतली तडफडते आणि बाहेरच्या रांग लावून ओरडतात. नोकरी करणाऱ्यांनी या फंदात पडू नये.

८. ओरडण्यावर आणि बसण्यावर जाऊ नका, वहीवर जा

अंडं घातलं की कोंबडी ककॅक ककॅक करून गल्ली डोक्यावर घेते हे खरं, पण तिच्या सुरात सूर मिसळून न घातलेल्या पण ओरडतात आणि कोंबडा तर सगळ्यात मोठ्यानं. आमची पाटलीण यात पुढं असायची. तसंच बुट्टीत बसलेली दिसली म्हणजे घालतेय असं नाही, काहीजणी नुसत्या बसून येतात. आणि खुडूक झालेली कोंबडी तर दुसऱ्यांच्या अंड्यांवर दिवसभर फुगून बसते, स्वतःचं एक पण नसतं. गावरान साधारण १०-१५ अंडी घातली की खुडूक होते, तिला कामचुकार समजू नका, तो तिचा स्वभावच आहे. म्हणून तर गावरानीची वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी आणि पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेअरची ३०० च्या आसपास, दोघींना एका मापानं मोजून चालत नाही.

वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: वेळ, रंग, कुणाचं (नक्की नसेल तर प्रश्नचिन्ह, ओढूनताणून नाव लिहू नका). वेळ का, तर अंड्याला २४ पेक्षा थोडे जास्त तास लागतात, त्यामुळं एकीनं आज आठला घातलं तर उद्या नऊ-साडेनऊ, परवा अजून उशिरा, असं सरकत सरकत दुपार होते, मग एक दिवस सुट्टी आणि परत सकाळपासनं सुरू. वहीत ही सरकती वेळ दिसायला लागली की सुट्टीचा दिवस आधीच सांगता येतो, आणि सुट्टी म्हणजे बंद झाली असा गैरसमज होत नाही.

९. अंडं आलं नाही म्हणजे घातलं नाही असं नाही

सकाळी चाचपून अंडं लागलं आणि दुपारी बुट्टीत नाही, तर ते दुसरीकडं गेलंय. गावरान यात पटाईत. पाचटाच्या ढिगात, गवताच्या गंजीत, ट्रॉलीखाली, कुठंही घालून येतात. दोन-तीन दिवस अकरा वाजेपर्यंत कोंडून ठेवा, बहुतेकींची अंडी तेवढ्यात येतात. नाहीतर जिच्या पोटात अंडं आहे तिला एकटीला सोडा आणि लांबनं मागं जा. आमच्या भुरीच्या मागं मी अशीच गेले तर जुन्या गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागं नऊ अंडी. असं सापडलं तर पाण्याच्या पातेल्यात टाकून बघा, आडवं बुडालं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर लांब नेऊन टाका, घरात फोडू नका.

बुट्टीत ओलं आणि चिकट पाचट, कवचाचे तुकडे आणि कुणाच्या तरी चोचीला वाळलेला बलक दिसला तर कोंबडीच अंडं खातेय. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, बुट्टीत अंधार करा, अंडी लवकर उचला. कवच पण राहत नसेल तर मुंगूस, कावळा, घूस यांच्याकडं बघा.

आणि पावसाळ्या-हिवाळ्यात सगळ्याच कमी देतात त्याला कुणी एक जबाबदार नसते. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला दिवसाला १४-१६ तास उजेड लागतो आणि आपल्याकडं डिसेंबरात दिवसच साधारण ११ तासांचा, त्यात आषाढातलं आभाळ म्हणजे दिवसभर संध्याकाळ. पिसं झडायला लागली की तर बहुतेकींचं पूर्ण बंद, दोन-तीन महिने. आमच्या सातची चार झाली ती बरीचशी यामुळं, दोघी खुडूक आणि भुरी गोठ्यात घालत होती म्हणून. तांबडी रोज तिचं काम करत होती.

पाटलीणीचं म्हणाल तर तीन दिवस डालग्याखाली, तिन्ही रात्री हिरवा रंग, अंडं शून्य. पोट चरबीनं गच्च. तिचा मका कमी केला, पाला वाढवला, रंग मधनंमधनं लावत राहिले, आणि महिन्याभरानं एक दिवस तपकिरी अंड्यावर अस्पष्ट हिरवी रेघ दिसली. मी ते जावेला नेऊन दाखवलं. तिनं बॅटरी मारून फिरवून फिरवून बघितलं, वहीत पाटलीणीच्या रकान्यात स्वतःच्या हातानं वेळ लिहिली, ११.४०, आणि अंडं स्वतःच्या ट्रेमध्ये ठेवलं. तांबडीच्या हिशोबातलं पहिलं म्हणाली.